कॅचरची कारकीर्द: गुडघे, अंगठा आणि पिचरचा विश्वास

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी पालकांनी विचारले आहे की, त्यांचा 15 वर्षांचा मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) टाकलेला चेंडू घेणारा खेळाडू, आहे आणि याच जागेवरून व्यावसायिक खेळापर्यंत पोहोचण्याची त्याची इच्छा आहे. घरच्यांना तीन शंका आहेत. सतत उकिडवे बसून गुडघे लवकर निकामी होतात का? स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या आवाक्यातील ठरावीक चौकटीतून गेलेला चेंडू, यंत्राने ठरू लागल्यावर चांगल्या कॅचरची किंमत उरेल का? आणि व्यावसायिक कॅचरची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते, किती टिकते? विदर्भात विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघात मी कॅचर म्हणून खेळलो आणि गेली 24 वर्षे अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या वयाच्या कॅचरना शिकवत आहे. त्यामुळे हे तिन्ही प्रश्न मी अनेक पालकांकडून ऐकले आहेत. उत्तर थोडे लांबेल, कारण यातील कोणताही प्रश्न एका वाक्यात सुटणारा नाही.

सुरुवात एका खेळाडूपासून करतो, कारण ही कारकीर्द समजून घेण्यासाठी त्याच्याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. यादिएर मोलिना हा पोर्तो रिकोतील बायामोनचा. त्याचे दोन्ही थोरले भाऊ, बेंजी आणि होसे, कॅचर होते आणि 2002 मध्ये एंजल्स संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगची अंतिम मालिका, जिंकली तेव्हा दोघेही त्या संघात होते. यादिएरला सेंट लुईस कार्डिनल्सने 2000 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, चौथ्या फेरीत घेतले. त्यानंतर तो खालच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि जून 2004 मध्ये, वयाच्या 21व्या वर्षी, मेजर लीगमध्ये आला. तेव्हा कार्डिनल्सचा मुख्य कॅचर माइक मथीनी होता, आणि बचावासाठी त्याचा लौकिक मोठा होता. तो हंगाम संपल्यावर मथीनी दुसऱ्या संघात गेला आणि जागा मोलिनाला मिळाली. ती त्याने 2022 पर्यंत सोडली नाही. एकाच संघाकडून 19 हंगाम, कॅचर म्हणून 2,184 सामने, 9 गोल्ड ग्लोव्ह (उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार), 10 वेळा ऑल-स्टार संघात निवड आणि 2006 व 2011 ची दोन विजेतेपदे, असा त्याचा हिशेब आहे.

आता यातील 2006 चा हंगाम जरा जवळून पाहा. त्या वर्षी मोलिनाची फलंदाजीची सरासरी .216 (शंभर संधींत जेमतेम 22 यशस्वी फटके) होती. अशा सरासरीवर पहिल्या बेसचा किंवा आउटफिल्डचा खेळाडू संघात राहिलाच नसता. मोलिना राहिला, कारण पिचर्सना तोच समोर हवा होता. त्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या शेय स्टेडियमवर मेट्सविरुद्ध, वर्ल्ड सिरीजमध्ये कोण जाणार हे ठरवणाऱ्या मालिकेचा सातवा आणि निर्णायक सामना होता. नवव्या इनिंगमध्ये दोन धावांचा होम रन मारून मोलिनाने संघाला 3-1 असे पुढे नेले. लोकांच्या आठवणीत तो होम रन आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना मात्र त्यानंतरचा अर्धा डाव दाखवतो. तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, बॅटवर कार्लोस बेल्ट्रानसारखा खेळाडू आणि पिचिंगला अ‍ॅडम वेनराइट, जो त्या वर्षी मेजर लीगमध्ये नवखाच होता. मोलिना त्याच्याशी बोलायला माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, गेला. पहिला चेंडू जोराचा टाकायचा असे ठरले, पण होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या पाटीच्या) मागे परत येऊन बसल्यावर त्याने विचार बदलला आणि चेंज-अपची, म्हणजे हात वेगाने फिरवून संथ टाकलेल्या चेंडूची, खूण केली. बेल्ट्रानने तो सोडला आणि स्ट्राइक मिळाला. त्यानंतर दोन कर्व्ह, म्हणजे वळत खाली पडणारे चेंडू, त्यातला दुसरा बेल्ट्रान नुसता पाहत राहिला, आणि मालिका संपली. तीन चेंडूंचा हा प्रसंग आहे. नवख्या पिचरने एवढ्या दडपणाखाली, ठरलेले बाजूला ठेवून, समोरच्या बोटांवर विश्वास ठेवला आणि शंका न घेता चेंडू टाकला. कॅचरची कारकीर्द ज्या पायावर उभी असते तो पाया हा आहे, असे माझे ठाम मत आहे. हीच जोडी पुढे 328 सामन्यांत सुरुवातीचे पिचर-कॅचर म्हणून उतरली, आणि मेजर लीगच्या इतिहासात दुसरी कोणतीही जोडी इतके सामने एकत्र सुरू करू शकलेली नाही.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या माणसांना कॅचर म्हणजे विकेटकीपर वाटतो. तुलना काही अंतरापर्यंत बरोबर आहे, पण ती एका महत्त्वाच्या ठिकाणी दिशाभूल करते. विकेटकीपर गोलंदाजाला कोणता चेंडू टाकायचा हे प्रत्येक वेळी सांगत नाही. कॅचर सांगतो. एका सामन्यात संघाचे पिचर साधारण दीडशेच्या आसपास चेंडू टाकतात, आणि त्यातील प्रत्येक चेंडूचा प्रकार व जागा सुचवण्याचे काम कॅचरचे असते. पूर्वी हे बोटांच्या खुणांनी होई. 2022 पासून मेजर लीगमध्ये मनगटावर किंवा पायाच्या गार्डवर बांधलेल्या बटणांच्या यंत्रातून पिचरच्या टोपीत आवाज पोहोचतो. साधन बदलले, जबाबदारी तीच राहिली. 2023 मध्ये पिचिंगला घड्याळ लागल्यापासून विचाराला मिळणारा वेळ उलट कमी झाला आहे. त्यामुळे सामन्यापूर्वीचा अभ्यास वाढला. सायंकाळी सातच्या सामन्यासाठी व्यावसायिक कॅचर दुपारीच मैदानावर येतो, प्रतिस्पर्धी बॅटरांच्या चित्रफिती पाहतो, त्या दिवशीच्या पिचरशी आणि पिचिंगच्या प्रशिक्षकाशी बसून आराखडा ठरवतो, आणि मग स्वतःच्या फलंदाजीचा सराव करतो. दिवसाच्या कामाचा हा क्रमच सांगतो की त्याची स्वतःची फलंदाजी यादीत कुठे येते.

शारीरिक कौशल्यांपैकी, बेस चोरणाऱ्याला (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे पळणाऱ्याला) बाद करणारा दुसऱ्या बेसवरील थ्रो सर्वांना दिसतो, म्हणून त्याचे गणित सांगतो. पिचरचा माउंड होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर आणि दुसरा बेस 127 फुटांहून थोडा अधिक अंतरावर असतो. पहिल्या बेसवरून पळणारा चांगला धावपटू सुमारे 3.3 ते 3.4 सेकंदांत दुसऱ्या बेसवर पोहोचतो. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात येईपर्यंत जवळपास 1.3 सेकंद जातात. उरले दोन सेकंद. एवढ्या वेळात चेंडू मिटमध्ये (कॅचरच्या जाड हातमोज्यात) घेणे, उजव्या हातात आणणे, पाय वळवणे आणि तो दुसऱ्या बेसच्या पिशवीजवळ पोहोचवणे हे सर्व व्हावे लागते. दोन सेकंद ही मेजर लीगची सरासरी, आणि 1.9 म्हणजे उत्तम. मुले हाताच्या ताकदीच्या मागे लागतात, पण वेळ वाचतो तो चेंडू मिटमधून काढताना आणि पावले टाकताना. मोलिनाने कारकिर्दीत बेस चोरू पाहणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के खेळाडू बाद केले, जेव्हा इतर कॅचर साधारण चारांपैकी एकालाच बाद करत. त्याहून मोठी गोष्ट अशी की अनेक धावपटूंनी त्याच्यासमोर पळण्याचा प्रयत्नच केला नाही. 2023 पासून बेसच्या पिशव्या 15 इंचांऐवजी 18 इंचांच्या झाल्या आणि पिचरने बेसकडे चेंडू फेकण्यावर मर्यादा आली. परिणामी मेजर लीगमधील चोरलेले बेस एका वर्षात 2,486 वरून 3,503 वर गेले. म्हणजे या कौशल्याची गरज पुन्हा वाढली आहे.

आता शरीराचा प्रश्न. गुडघ्यांची काळजी योग्यच आहे, कारण मोसमात शेकडो तास उकिडवे बसण्याचा ताण खरा असतो. अलीकडे बहुतेक व्यावसायिक कॅचर एक गुडघा जमिनीवर टेकवून बसतात. ही पद्धत मुळात खालचे चेंडू नीट घेण्यासाठी रुजली, पण तिच्यामुळे दोन्ही गुडघे पूर्ण दुमडून बसण्याचे प्रसंगही कमी झाले आहेत. माझ्या पाहण्यात कारकिर्दी जास्त मोडतात त्या हातांमुळे आणि डोक्यामुळे. ताशी 150 किलोमीटरने येणाऱ्या चेंडूला बॅटची नुसती कड लागली की तो कुठे वळेल हे कोणालाही सांगता येत नाही. मोलिनाच्या उजव्या अंगठ्याचा अस्थिबंध 2014 मध्ये फाटला. 2015 मध्ये डाव्याचा फाटला आणि हंगाम संपल्यावर त्या एकाच अंगठ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या वर्षी, 34व्या वर्षी, तो 147 सामने खेळला. मे 2018 मध्ये कड लागलेला चेंडू जांघेत बसल्याने त्याच्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि महिनाभर तो बाहेर राहिला. माझा स्वतःचा डावा अंगठा आजही पूर्ण दुमडत नाही, कारण विद्यापीठाच्या दिवसांत दुखत असतानाही मी दोन स्पर्धा खेळलो आणि कोणाला सांगितले नाही. ती चूक माझी होती. म्हणूनच हे आग्रहाने लिहीत आहे.

डोक्याची दुखापत त्याहून गंभीर. ज्या मथीनीची जागा मोलिनाने घेतली, त्याची कारकीर्द 2006 मध्ये मास्कवर वारंवार बसलेल्या चेंडूंमुळे झालेल्या मेंदूच्या आघातांनी थांबली, आणि 2007 च्या सुरुवातीला त्याने निवृत्ती जाहीर केली. मिनेसोटाचा जो माउअर हा तीन वेळा सर्वोच्च फलंदाजी सरासरी मिळवणारा कॅचर. 2013 मध्ये त्याला असाच आघात झाला आणि पुढच्या वर्षापासून तो पहिल्या बेसवर खेळू लागला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीला मे 2011 मध्ये होम प्लेटवर धावपटूने धडक दिली, पायाचे हाड मोडले, घोट्याचे अस्थिबंध फाटले. तो परतला आणि 2012 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा धडकांना आवर घालणारा नियम 2014 मध्ये आला. तो नियम फार उशिरा आला असे मला वाटते, पण आपल्या मुलाच्या पिढीला त्याचा फायदा मिळतो आहे. आपण घरी एकच नियम पाळावा: मास्कवर चेंडू बसून डोके दुखले, उजेड सहन झाला नाही किंवा मुलगा नेहमीपेक्षा गप्प झाला, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढचा सामना नाही. प्रशिक्षक काहीही म्हणोत.

वय वाढते तसे या जागेचे काय होते, हेही पाहावे. सिनसिनाटीचा जॉनी बेंच हा अनेकांच्या मते या खेळातील सर्वश्रेष्ठ कॅचर. सलग 10 गोल्ड ग्लोव्ह त्याने मिळवले, आणि एका हाताने चेंडू घेऊन उजवा हात मागे सुरक्षित ठेवण्याची आजची पद्धत रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. तोही 33व्या वर्षानंतर जवळपास कॅचिंग सोडून इतर जागी खेळला आणि 1983 मध्ये निवृत्त झाला. पोझी 2021 मध्ये 34व्या वर्षी थांबला, तेही चांगली फलंदाजी करत असताना. इव्हान रॉड्रिगेझ कॅचर म्हणून 2,427 सामने खेळला, पण तो अपवाद आहे. पहिल्या पसंतीच्या कॅचरची जोमाची वर्षे तिशीच्या पहिल्या टप्प्यात संपतात, असे धरून चालावे. 162 सामन्यांच्या हंगामात संघ आपल्या मुख्य कॅचरला साधारण 110 ते 130 सामनेच प्लेटमागे बसवतात, ते याच कारणाने.

हे तारांकित खेळाडूंचे झाले. बहुसंख्यांचे आयुष्य वेगळे असते, आणि पालकांनी तेच नीट समजून घ्यावे. मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत आणि प्रत्येक संघात बहुधा दोन कॅचर असतात. म्हणजे एकूण साठच्या आसपास जागा. त्यांच्याखाली मायनर लीगचे 120 संघ, प्रत्येकात दोन-तीन कॅचर, शिवाय अगदी नव्या मुलांचे प्राथमिक संघ वेगळे. वेतनातील दरीही तेवढीच मोठी आहे. 2023 च्या करारानुसार ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या मायनर पातळीवर किमान वार्षिक वेतन 35,800 डॉलर होते, तर त्याच वर्षी मेजर लीगमधील किमान वेतन 7,20,000 डॉलर. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूला आपला संघ स्वतः निवडता येत नाही. एवढ्या अरुंद दारातून आत जाण्यासाठी कुटुंबाची मनाची आणि पैशाची तयारी लागते.

तरीही याच जागेत एक वेगळी शक्यता आहे. एरिक क्रॅट्झ हा 2002 मध्ये ड्राफ्टच्या 29व्या फेरीत निवडला गेला. आठ वर्षे मायनर लीगमध्ये काढून तो 30व्या वर्षी, 2010 मध्ये, पहिल्यांदा मेजर लीगमध्ये खेळला आणि संघामागून संघ बदलत 2020 पर्यंत, वयाच्या 40व्या वर्षापर्यंत, या व्यवसायात राहिला. एकूण सामने साडेतीनशेहूनही कमी. अशी कारकीर्द शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला) किंवा आउटफिल्डरला सहसा मिळत नाही. कॅचरला मिळते, कारण तरुण पिचर घडवण्यासाठी संघांना समजूतदार, धीराचा आणि न कंटाळणारा माणूस हवा असतो. फेब्रुवारीत सरावशिबिरे सुरू होतात तेव्हा पिचर आणि कॅचर यांनाच सर्वांआधी बोलावले जाते, आणि त्या आठवड्यांत चेंडू घेणारे हात कधीच पुरे पडत नाहीत. खेळणे थांबल्यावरही बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात त्या जागी) पिचर्सना तयार करणारा कॅचर, प्रशिक्षक, पुढे व्यवस्थापक, असे मार्ग उघडे राहतात. मथीनी 2012 मध्ये कार्डिनल्सचा व्यवस्थापक झाला आणि सहा वर्षांहून अधिक काळ मोलिना त्याच्याच हाताखाली खेळला. चार वर्ल्ड सिरीज जिंकणारा व्यवस्थापक ब्रूस बोची हा एके काळचा राखीव कॅचर. मोलिनाने निवृत्तीनंतर लगेच, 2023 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये, पोर्तो रिकोच्या संघाचे व्यवस्थापन केले.

यंत्राचा प्रश्न राहिला. गेल्या दीड दशकात चेंडूच्या मार्गाचे अचूक मोजमाप होऊ लागल्यावर कडेचा चेंडू शांतपणे, मिट हलू न देता घेऊन अंपायरकडून स्ट्राइक मिळवण्याच्या कौशल्याची किंमत संघांना कळली, आणि केवळ त्या बळावर काही कॅचर मेजर लीगमध्ये टिकले. 2026 च्या हंगामापासून मेजर लीगने आव्हानाची पद्धत स्वीकारली आहे: निर्णय आधी अंपायरच देतो, प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतात, आव्हान बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते, आणि ते फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरच करू शकतो. थोडा विचार केला तर लक्षात येईल की या तिघांत चेंडू प्लेटवरून कुठून गेला हे सर्वांत चांगले कॅचरलाच दिसते. पिचर साठ फुटांवर असतो आणि बॅटर बाजूला उभा असतो. त्यामुळे आव्हान केव्हा करायचे आणि केव्हा राखून ठेवायचे हा निर्णय बहुधा कॅचरकडेच राहील. उद्या सगळे निर्णय यंत्राने होऊ लागले, तर कडेचा चेंडू स्ट्राइक वाटेल असा घेण्याची कला कमी महत्त्वाची ठरेल आणि थ्रो, चेंडू अडवणे व फलंदाजी यांचे वजन वाढेल. पिचरला चालवण्याचे काम यंत्राकडे जाताना मला तरी दिसत नाही.

आपल्या मुलाविषयी काही ठोस सूचना. तो उजव्या हाताने फेकतो असे मी धरतो, कारण डावखुऱ्या कॅचरला व्यावसायिक संघ जवळजवळ घेतच नाहीत, आणि ही गोष्ट 15व्या वर्षीच कळलेली बरी. शाळा संपताच करार करण्यापेक्षा कॉलेजमध्ये खेळणे कॅचरसाठी बहुतेक वेळा हिताचे ठरते. ही जागा उशिरा पिकते. पोझी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात आला तेव्हा शॉर्टस्टॉप होता, कॅचर तो तिथे झाला, आणि 2008 च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. पदवी हातात असली तर मायनर लीगच्या हलाखीच्या वर्षांत घरच्यांच्या जिवाला थोडा विसावा मिळतो. उन्हाळ्यात एका दिवशी दोन सामने कॅचर म्हणून खेळवणाऱ्या क्लबांना स्पष्ट नकार द्या, आणि कॅचिंग केलेल्या दिवशीच त्याला पिचिंगलाही उभे करू देऊ नका, कारण दोन्हींचा भार एकाच खांद्यावर पडतो. मिटच्या आत अंगठ्याला आधार देणारे गार्ड मिळते, ते आजच घ्या. आणि त्याला स्पॅनिश शिकवा. व्यावसायिक संघांत डोमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातून आलेले पिचर मोठ्या संख्येने असतात. घाबरलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी माउंडवर त्याच्या भाषेत चार शब्द बोलू शकणारा कॅचर प्रशिक्षकांच्या लगेच नजरेत भरतो. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला तिसरी भाषा जड जाणार नाही.

त्याच्यात या जागेची पात्रता किती आहे हे मी दुरून सांगू शकत नाही, आणि एखाद्या सामन्यातील थ्रो किंवा होम रन पाहून आपणही ठरवू नये. या हंगामात त्याच्या संघातील पिचर्सशी एकेकट्याने बोला. बरोबरीचा सामना, शेवटची इनिंग, तिसऱ्या बेसवर धावपटू, अशा वेळी जमिनीवर आदळणारा कर्व्ह ते त्याच्याकडे बिनधास्त टाकतात का, की चेंडू मागे जाईल या भीतीने हात आखडता घेतात, एवढेच विचारा. ते काय सांगतात ते मला कळवा, म्हणजे पुढच्या वर्षाचा सराव कसा आखायचा हे मी लिहून पाठवीन.